आमची वाटचाल : आम्हाला पंचगंगेनं नाही बुडवलं

कोल्हापुरात आमचं समुद्री शोभेच्या माशांचं दुकान. लोकांना वाटतं २०१९ च्या महापुरानं आमचं कंबरडं मोडलं. खोटं आहे. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टात पाणी ५५ च्या वर गेलं, शिरोलीला हायवे बंद, दुकानात लाईट नाही, सगळं खरं, पण आमच्या टाक्या तोवर माडीवर गेल्या होत्या आणि आमचं जुनं गिऱ्हाईक अण्णा, त्यांनी जनरेटर आणून दिला होता, चारच मासे गेले. आम्हाला बुडवलं ते त्याच्या दोन वर्षं आधी, दिवाळीच्या तोंडावर, एका थर्माकोलच्या बॉक्सनं.

बाहेरच्या एका होलसेलरचा माल, नाव घेत नाही. ट्रॅव्हल्सनं पहाटे कावळा नाक्याला उतरला. दोन कॉपरबँड, एक टँग, थोडे क्लाऊन, सगळी माशांचीच नावं. फोनवर म्हणाला बिनधास्त सोडा, क्वारंटाईन करूनच पाठवलाय, आणि मी गाढवासारखा सोडला. तेव्हा आमच्या सगळ्या टाक्या एकाच संपवर (खालच्या फिल्टरच्या टाकीवर), म्हणजे एकाचं उष्टं पाणी सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी कॉपरबँड पंपाच्या धारेच्या तोंडाशी जाऊन उभा, कल्ले धपाधप, लाईट लावली की पाईपमागं लपायचा. मी म्हणलं प्रवासाचा शीण असंल. अण्णांनी टॉर्च तिरकी धरली तेव्हा दिसलं, अंगावर पिठाच्या गिरणीत बसून आल्यासारखी बारीक भुकटी. वेल्वेट, अंगाला चिकटणाऱ्या बारीक किड्याचा रोग. पांढरे ठिपके, ज्याला आपण इच म्हणतो, तो निदान विचार करायला वेळ देतो, हा देत नाही. पाचव्या दिवशी ३१ मासे बादलीत आणि उरला एक डॅमसेल मासा. पतसंस्थेचा हप्ता डोक्यावर होता, बुलेट विकली. होलसेलर म्हणाला तुमचं पाणी खराब असणार. आजही आठवलं की जेवण जात नाही.

अण्णा म्हणजे आमचं पहिलं गिऱ्हाईक. उद्यमनगरात लेथ आहे, मासे पाळायला लागले ते डॉक्टरनं बीपी सांगितला म्हणून. त्यांचा पण एक मासा त्यात गेला, बिलाचे पैसे मात्र पुढच्याच शनिवारी आणून दिले आणि म्हणाले, "हे बघ, आमच्याकडं कास्टिंग आलं की तपासल्याशिवाय मशीनवर चढत नाही. तू आलेला माल थेट कसा चढवतोस?" मागच्या खोलीतला अँगलचा रॅक त्यांनीच वेल्डिंग करून दिला. त्यावर वेगवेगळ्या सहा टाक्या, कुणाचं पाणी कुणाला नाही. प्रत्येकीची जाळी वेगळी, बादली वेगळी, रंगीत टेप लावलाय. आत वाळू नाही, दगड नाही, कारण ते तांब्याचं औषध पिऊन टाकतात. स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसीचे एल्बो, बास.

तांबं म्हणलं की गिऱ्हाईक हसतं. एकानं खरंच आज्जीचा तांब्या टाकीत ठेवला होता. नका ठेवू ओ. मोजून द्यायचं औषध आहे ते. आम्ही चिलेटेड कॉपर (पाण्यात टिकून राहील असं बांधलेलं तांबं) वापरतो, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवत २.२५ ते २.५ पीपीएम, आणि तिथं ३० दिवस धरून ठेवायचं. कमी पडलं तर किडा जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. रंग बघून अंदाज करायचा किट मी फेकून दिला, हॅना कंपनीचा डिजिटल चेकर घेतला, महाग आहे पण आकडा दाखवतो. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर नाही, ३५ पीपीटीच्या लिक्विडवर सेट करा. आणि अमोनिया मारायची बाटली तांब्यासोबत अजिबात ओतू नका, अमोनिया वाढला तर पाणी बदला आणि नव्या पाण्यात तेवढंच तांबं मोजून घाला. कुणी विचारलं नाही, तरी सांगतोय.

त्यानंतरची वर्षं काय सांगू, पाणी बदललं, मीठ कालवलं, दुकान चाललं. मग आमच्याकडंच तीन वर्षं शिकलेल्या पोरानं राजारामपुरीत दुकान टाकलं. टाकू दे की, पण बोर्डावर 'क्वारंटाईन केलेले मासे' लिहिलंय, आणि बॉक्स मंगळवारी उतरतो, मासा गुरुवारी विकला जातो. रॅकचा फोटो मात्र आमच्या रॅकसारखा, टेपचे रंगसुद्धा तेच! त्याचा कॉपरबँड आमच्यापेक्षा निम्म्यात. आणि तो खाईनासा झाला की गिऱ्हाईक पिशवी घेऊन आमच्या दारात, "बघा की जरा, काय झालंय याला." बघतो मी, काय करू.

कॉपरबँड विकत घेताना रंग बघू नका, खातोय का बघा. लांब चोचीचा मासा हा, समुद्रात दगडाच्या फटीतले किडे टिपून खातो, वरून पडणारा दाणा हे अन्न आहे हेच त्याला कळत नाही. मी कोकणातून आलेल्या तिसऱ्या घेतो, दोन दिवस फ्रीजरमध्ये, मग अर्धी शिंपली उघडून टाकीत. पहिले दोन दिवस तो लांबून एका डोळ्यानं बघतो नुसता. तिसऱ्या दिवशी मागं सरकतो, पुढं येतो, चोच आत घालतो आणि काचेवर नख मारल्यासारखं टक्. मांस संपलं की त्याच रिकाम्या शिंपलीत मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) दाबून भरायचं, मग भोकं पाडलेल्या पाईपमध्ये, मग पाण्यात मोकळं. तासाभरात उरलेलं काढा, नाहीतर अमोनिया. खायला लागल्याशिवाय मी तांबं चढवत नाही, अंगावर भुकटी दिसली तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबायचं नाही.

आत्ता तीन नंबरच्या टाकीत एक आहे, तांब्यातला आज एकोणिसावा दिवस, मायसिस पाण्यातनं उचलतोय. मघाशी एकजण म्हणाला डबल पैसे देतो, आजच पॅक करा. म्हणलं अजून अकरा दिवस तांबं, मग फ्लूकसाठी (कल्ल्यांना, अंगाला चिकटणारे चपटे किडे) प्राझी औषधाचे दोन डोस, मग या. रागावून गेला, बहुतेक राजारामपुरीला. अण्णा स्टुलावर बसून तिसऱ्या उघडत होते, वर न बघता म्हणाले, "त्याला आपला नंबर दिलायस न्हवं?"