तुम्ही विचारलंत म्हणून : एपीआय असताना छोटे मॉडेल कशाला?

मोठमोठी भाषिक एआय मॉडेल एपीआयवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला मजकूर पाठवून, सहज वापरता येत असताना साध्या लॅपटॉपवर चालणारे तीन-चार अब्ज पॅरामीटरचे (प्रशिक्षणात ठरलेल्या आकड्यांचे) मॉडेल उतरवून घेण्यात काय हशील, असे नवे डेव्हलपर मला नेहमी विचारतात. माझे मत असे की, काम नेमके आणि मर्यादित असेल, तर ज्याची फाइल आपल्या डिस्कवर आहे ते मॉडेल आधी वापरून पाहावे. ते आपल्याला न विचारता बदलत नाही, कोणी ते परस्पर बंद करू शकत नाही आणि त्याला दिलेला मजकूर मशीनबाहेर जात नाही.

महागडे ग्राफिक्स कार्ड लागेल, ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. मिस्ट्रल या फ्रेंच कंपनीचे सप्टेंबर २०२३ मध्ये आलेले सुमारे ७ अब्ज पॅरामीटरचे मॉडेल घ्या. प्रत्येक पॅरामीटर १६ बिटमध्ये, म्हणजे २ बाइटमध्ये ठेवला तर नुसत्या वेट्सनाच (म्हणजे या आकड्यांनाच) १४ जीबी मेमरी लागते. तेच ४ बिटवर क्वांटाइझ केले, म्हणजे प्रत्येक आकडा कमी बिटांत बसवला, की काम चार-साडेचार जीबीत भागते. गुणवत्ता थोडी उतरते, पण वर्गीकरणासारख्या कामात ती क्वचितच जाणवते. गेओर्गी गेर्गानोव्ह यांनी मार्च २०२३ मध्ये लिहायला घेतलेल्या लामा डॉट सीपीपी या मॉडेल चालवणाऱ्या प्रोग्रॅममुळे हे सारे साध्या प्रोसेसरवरही चालते. ८ जीबी रॅम असेल तर मायक्रोसॉफ्टचे फाय-३ मिनी, मेटाच्या लामा ३.२ चे ३ अब्जांचे किंवा गूगलच्या जेमा ३ चे ४ अब्जांचे मॉडेल निवडावे आणि लांबलचक प्रॉम्प्ट (मॉडेलला दिलेली सूचना) टाळावा, कारण कॉन्टेक्स्टलाही, म्हणजे मॉडेलसमोर एका वेळी असलेल्या मजकुरालाही, मेमरी लागते.

अशा मॉडेलला इतिहास किंवा कायदा विचारू नये. ते ठामपणे चुकीचे सांगते. मजकूर मात्र समोर ठेवून त्यातून काही काढून घ्यायचे असेल, तर ते उपयोगी पडते. नागरिकांच्या तक्रारी खात्यानुसार लावण्याचे काम मी अशाच मॉडेलकडून करून घेतो. या तक्रारींत नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक असतो, त्यामुळे त्या बाहेरच्या सर्व्हरवर पाठवणे मला मुळातच मान्य नाही. सुरुवातीला मॉडेल खात्याच्या नावाआधी 'नक्कीच, ही तक्रार पाहता' अशी प्रस्तावना जोडत असे आणि पुढचा प्रोग्रॅम अडत असे. प्रॉम्प्टमध्ये विनवण्या करण्यापेक्षा लामा डॉट सीपीपीतील ग्रामरची सोय वापरावी : ठरवून दिलेल्या खात्यांच्या नावांपलीकडे एकही टोकन (शब्द किंवा शब्दाचा तुकडा) बाहेर पडणार नाही, असे बंधन तिथे घालता येते. तरीही 'पाइपलाइन फुटून रस्ता खचला आहे, गाड्या घसरतात' ही तक्रार पाण्याची की रस्त्याची, हा प्रश्न उरतोच; म्हणून 'कर्मचाऱ्याने पाहावे' हा पर्यायही त्या यादीत ठेवला आहे, आणि तो ठेवलाच पाहिजे.

मराठीसाठी निवड करताना टोकनायझर, म्हणजे मजकुराचे टोकन पाडणारा भाग, आधी पाहावा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते आणि शब्दसंग्रह तोकडा असला की एकेका शब्दाचे बारीक तुकडे पडतात. वेग घटतो, कॉन्टेक्स्ट लवकर भरतो. लामा २ चा शब्दसंग्रह ३२,००० टोकनचा होता, लामा ३ चा सुमारे १,२८,००० आणि पहिल्या जेमाचा तब्बल २,५६,०००. सर्वम या भारतीय कंपनीचे २ अब्ज पॅरामीटरचे सर्वम-१ तर मराठीसह दहा भारतीय भाषांसाठीच घडवलेले आहे. इंग्रजी बेंचमार्कची (ठरावीक चाचण्यांतील गुणांची) कोष्टके या बाबतीत फारसे काही सांगत नाहीत. आपल्याच कामातल्या शंभरेक नोंदींची उत्तरे हाताने लिहावीत आणि प्रत्येक मॉडेल त्यांवर तपासावे.

परवाना तर वाचलाच पाहिजे. वेट्स उतरवता आली म्हणजे मॉडेल ओपन सोर्स झाले, असे नव्हे. मिस्ट्रलचे ते मॉडेल अपाचे २.० या मोकळ्या परवान्याखाली आहे, फाय-३ एमआयटी परवान्याखाली; लामा आणि जेमा ३ यांच्या अटी मात्र त्या त्या कंपनीने स्वतः लिहिलेल्या आहेत. ॲलन इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेने ओल्मो या आपल्या मॉडेलसोबत प्रशिक्षणाचा डेटा आणि कोडही खुला केला, आणि माझ्या लेखी खरा खुलेपणा तोच. एकाच कुटुंबातही परवाना बदलतो : अलीबाबाच्या क्वेन २.५ ची बहुतेक मॉडेल अपाचेखाली आहेत, पण लॅपटॉपवर नेमके बसणारे ३ अब्जांचे मॉडेल संशोधनापुरत्या परवान्यावर दिलेले आहे, त्यामुळे ग्राहकाच्या कामात ते घालण्याआधी त्याच्याऐवजी दीड अब्जांचे पुरते का, हे पाहावे.