गव्हावर गहू

नौपाड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. शाळेत असताना दळण टाकायचं काम माझ्याकडे असे. डबा हातात देताना आई दोन सूचना करायची. पहिली साधी: ‘पोळ्यांचं आहे म्हणावं, बारीक.’ दुसरी कडक: ‘गव्हावर गहू टाकायला सांग.’ म्हणजे आधी दगडांमधून कुणाची बाजरी गेली असेल, तर तिच्यामागोमाग आपला गहू घालू द्यायचा नाही. दुसरं कुणी गहू घेऊन येईपर्यंत थांबायचं, त्याचं दळण पुढे जाऊ द्यायचं, आणि मग आपला डबा सरकवायचा. तो बिचारा दुसरा कोण, त्याच्या पोळ्या करड्या होणार त्याचं काय, हे आईच्या नीतिशास्त्रात बसत नव्हतं.

त्यामुळे गिरणीत मी पुष्कळ बसलो आहे. पट्ट्याची फटफट, पिठानं पांढरं झालेलं देवाचं कॅलेंडर, काकांच्या पांढऱ्या पापण्या. मधूनच ते लाकडाच्या दांडक्यानं पत्र्यावर दोन ठोके द्यायचे आणि अडलेलं धान्य खाली उतरायचं. घरी येताना डबा पोटाशी धरला की छान ऊब लागायची. ‘झाकण घट्ट लावू नकोस, गरम आहे, घाम धरेल,’ असं काका दर वेळी सांगायचे.

परवा दोन दिवस मी घरी बसून हेच केलं. फक्त गहू नव्हता.

झालं असं, की आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. सेक्रेटरी काकांनी कपाटातून १९८०च्या दशकातल्या सभांची इतिवृत्तं काढली. मराठी टंकयंत्रावर टाइप केलेली, पिवळी पडलेली, टाचण्यांच्या जागी गंजाचे ठिपके. ‘अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? स्कॅन मी करून देतो, तू त्यातली अक्षरं काढून दे. म्हणजे पार्किंग म्हटलं की पार्किंगचे सगळे ठराव समोर आले पाहिजेत.’ चित्रातून अक्षरं काढायला टेसरॅक्ट नावाचा एक उत्तम फुकट प्रोग्राम आहे. एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८५ ते १९९४ या काळात तो घडला, नंतर कपाटात पडून राहिला, २००५मध्ये त्याचा सोर्स, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ मजकूर, खुला झाला आणि पुढच्या वर्षापासून गूगलनं त्याला हात दिला. मराठी त्याला वाचता येते. २०१८मध्ये चौथी आवृत्ती आली ती न्यूरल नेटवर्कचं इंजिन घेऊन, आणि तेव्हापासून तो बराच शहाण्यासारखा वाचतो.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज नाही, उबुंटू १६.०४ हे लिनक्स आहे. म्हणजे २०१६च्या एप्रिलचं. त्याच्या तयार प्रोग्रामांच्या भांडारात मिळतो तो टेसरॅक्ट तिसरा. ‘नवं उबुंटू टाक की’ असं म्हणणारे मित्र मला आहेत. पुनर्विकास करून घ्या म्हणणारे बिल्डरही आहेत. जुन्या यंत्रावर आपलं सगळं घरच्यासारखं बसलेलं असतं, ते उठवायचं जिवावर येतं. मी ठरवलं, चौथ्याचा सोर्स उतरवायचा आणि घरीच दळायचा.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणारी माझी बहीण पिठाची पिशवी मागवते. पिशवी वाईट नसते. पण ती कुणाच्याही घरी चालावी म्हणून दळलेली असते. तयार मिळणारे प्रोग्रामही तसेच. सोर्सवरून बांधायचं म्हणजे तीन शब्द: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. वाचायला फार सोपं आहे, ‘धान्य निवडा, दळा, डब्यात भरा’ इतकं.

यातला माझा आवडता भाग कॉन्फिगर. तो सुरू झाला की पडद्यावर नुसते प्रश्न धावतात. अमुक आहे का? आहे. तमुक आहे का? नाही. ही फाइल आहे का, ते फंक्शन आहे का, कंपायलर, म्हणजे सोर्सचं यंत्राला चालेल असं पीठ करणारा प्रोग्राम, चालतो का. लग्नघरात आदल्या रात्री एखादी मावशी वही घेऊन फिरते तसं. हा प्रकार रूढ झाला तो १९९१पासून, डेव्हिड मॅकेन्झी यांनी कॉन्फिगर तयार करून देणारं ऑटोकॉन्फ लिहायला घेतलं तेव्हापासून. त्या काळी युनिक्स ही संगणकप्रणाली घरोघरी वेगळी होती. मीठ डावीकडे की उजवीकडे हे प्रत्येक स्वयंपाकघरात जाऊनच कळायचं. मग मावशीनं ठरवलं, की कुणाच्या घराण्याचं नाव विचारायचं नाही, थेट डबे उघडून बघायचे.

आणि ती बघते कशी, तेही गमतीचं आहे. कॉन्फिगर संपल्यावर कॉन्फिग डॉट लॉग नावाची एक लांबलचक फाइल मागे राहते. अडल्याशिवाय ती कुणी उघडत नाही. मी रिकाम्या वेळी उघडून वाचत बसतो. तिच्यात दिसतं, की ‘अमुक फंक्शन आहे का’ या प्रत्येक प्रश्नासाठी कॉन्फिगरनं तीन-चार ओळींचा सी भाषेतला एक इवलासा प्रोग्राम लिहिला, तो कंपाइल करून पाहिला, जमला तर ‘येस’ म्हटलं आणि प्रोग्राम फेकून दिला. चकल्या तळायच्या आधी आई कढईत पिठाचा एक कण टाकते. लगेच तरंगून वर आला तर तेल तापलं. तो कण कुणी खात नाही. असे शेकडो कण टाकून मग ही बाई म्हणते, हं, आता घाला.

अर्थात कंपायलरच नसेल तर पुढचं सगळं खुंटतं. तो स्वतः कुठून येतो? जीसीसी या कंपायलरचा सोर्स कंपाइल करायला आधी एक कंपायलर लागतो. विरजण लागतं. शेजारणीकडून आणलेल्या विरजणानं पहिलं दही लावायचं, त्या दह्यानं दुसरं, दुसऱ्यानं तिसरं. जीसीसी तीन फेऱ्यांत असाच लागतो, आणि शेवटी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा माल एकसारखा उतरला का ते ताडून बघितलं जातं. मूळ पहिलं विरजण कुणाच्या घरचं, हे विचारायला लागलं की झोप उडते.

माझं घोडं अडलं ते लेप्टोनिकावर. चित्रं हाताळायची ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, टेसरॅक्टला १.७४ किंवा पुढची हवी. माझ्या उबुंटूत १.७३. एका शतांशासाठी कॉन्फिगरनं हात वर केले. मग आधी लेप्टोनिकाचा सोर्स आणला आणि ती दळली. यात शनिवारची दुपार गेली. आईनं विचारलं, ‘काय रे, नुसता त्या पडद्याकडे बघत बसलायस?’ म्हटलं, ‘दळण टाकलंय.’ तिला ते पटलं. दळणाला वेळ लागतो हे तिला कुणी सांगायला नको.

रात्री टेसरॅक्टची जुळवाजुळव करून झोपलो आणि पहाटे वीज गेली. लॅपटॉपची मोठी बॅटरी केव्हाच वारली आहे, घड्याळाचा सेलही तिच्या मागोमाग गेला. सकाळी चालू केला तर त्याच्या मते अजून कालची संध्याकाळच होती. माझ्या ते लक्षात आलं नाही. कॉन्फिगर सोडलं. ते सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतं, जो मी आजवर शंभरदा वाचून सोडून दिला होता: ‘चेकिंग व्हेदर बिल्ड एन्व्हायर्न्मेंट इज सेन.’ इथलं वातावरण शुद्धीवर आहे का? एरवी निमूट ‘येस’ येतं. त्या दिवशी ते थांबलं. म्हणालं, आत्ता बनवलेली फाइल आधीच्या फायलींपेक्षा जुनी दिसतेय, घड्याळ तपासा. इतकी वर्षं मला वाटे की ही काहीतरी फार खोल परीक्षा असणार. मुख्य परीक्षा निघाली ती एवढीच: नुकतं जन्मलेलं मूल बापापेक्षा मोठं तर नाही ना?

याला कारण आहे. पुढे जो मेक येतो, त्याची सगळी मदार तारखेवर. सोर्सची फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलपेक्षा नवी असेल तर तेवढीच पुन्हा दळायची, नाहीतर हात लावायचा नाही. १९७६मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी हे लिहिलं. कल्पना इतकी साधी, की आजही तिला काही मोठं खोडून काढता आलेलं नाही. एक खोड मात्र राहिली. मेकच्या फाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनंच सुरू व्हावी लागते. त्याऐवजी स्पेस पडल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून बसकण मारतो. फेल्डमनना ही चूक थोड्याच आठवड्यांत कळली होती. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी कशाला विस्कटायची म्हणून ते तसंच राहू दिलं. मला यात नवल वाटत नाही. आमच्या जिन्याखाली कुणाचीतरी सायकल वीस वर्षं याच कारणासाठी उभी आहे.

घड्याळ लावलं, कॉन्फिगर पार पडलं, मेक सोडला. घाईत चार कामं एकदम करायला सांगितली होती. दोन जीबीच्या लॅपटॉपनं चार घरांची दळणं एकदम घेतली आणि माउसचा बाणसुद्धा हलेना. बंद केलं, एकेक करून सोडलं. पंखा घरघरायला लागला. एकेका फाइलचं नाव वर सरकत होतं. खालून गिरणीचा आवाज येत होता, वर हा. लॅपटॉपच्या पाठीला हात लावला तर डब्याइतका गरम. झाकण लावू नकोस, मी मलाच सांगितलं.

तासाभरानं दळण उतरलं आणि तेव्हा लक्षात आलं, की मी चुका शोधायच्या पर्यायासह बांधलंय, म्हणजे जाड. पोळ्यांना बारीक हवं होतं. पर्याय बदलून कॉन्फिगर पुन्हा चालवलं, मेक म्हटलं. उत्तर आलं, काही करण्यासारखं नाही. बरोबरच होतं त्याचं. सोर्सच्या तारखा कुठे बदलल्या होत्या? मी जाडाचं बारीक मागतोय हे त्याला तारखेवरून कसं कळावं? उगीच दोन फायली उघडून सेव्ह केल्या असत्या, तर तेवढ्याच बारीक होऊन बाकीच्या जाड राहिल्या असत्या, आणि त्या मिश्रणाचं काय झालं असतं कोण जाणे. अशा वेळी ‘मेक क्लीन’ म्हणायचं. दगड झाडून घ्यायचे. गव्हावर गहू.

दुसऱ्या फेरीच्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या मला एक्सझेडची आठवण झाली. २०२४च्या मार्चमधली गोष्ट. फायली दाबून लहान करणारी ही लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा घातला होता. कुठे? प्रोग्रामच्या नेहमीच्या सोर्समध्ये शोधून सापडला नसता. विषाची पुडी चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, मुद्दाम खराब दिसणाऱ्या नमुना-फायलींत दडवली होती, आणि ती उघडून पिठात मिसळणारी ओळ फक्त वाटण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात, कॉन्फिगरच्या सामग्रीत होती. म्हणजे मावशी हातात वही घेऊन डबे तपासत फिरतेय आणि वहीतच लिहिलंय, ‘मागच्या फळीवरची पुडी आमटीत घाला.’ हे पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या प्रोग्रामरनं. दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून. पोळी हातात घेताच ‘हे आज बाजरीवर दळलंय’ म्हणणारी माणसं असतात, त्यातला हा. घरी दळलं म्हणजे निर्धोक, असं मी तेव्हापासून म्हणत नाही. तरी दळतो.

इन्स्टॉल झालं तेव्हा संध्याकाळ झाली होती. प्रोग्राम चालवला, तर लायब्ररी सापडत नाही म्हणाला. ती त्याच्या शेजारीच होती, पण यंत्राच्या वहीत नव्या भाडेकरूची नोंद नव्हती. ‘एलडीकॉन्फिग’ म्हणून नोंद केली. मग म्हणाला, मराठीची फाइल नाही. ती वेगळी उतरवायची असते, जलद आणि उत्तम अशा निरनिराळ्या प्रतींत. उत्तमच घेतली. एवढं सगळं करून जलद कोण घेणार?

पहिलं पान दिलं. काही सेकंदांत अक्षरं आली. टाइपरायटरच्या झिजलेल्या ‘भ’ची वरची गाठ त्याला दिसत नव्हती, त्यामुळे सगळे सभासद ‘समासद’ झाले होते आणि सभा ‘समा’. घर काही ठिकाणी ‘धर’ झालं होतं. पण पाण्याची टाकी, जिना, दुरुस्ती निधी, सगळं शाबूत. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या वडीलधाऱ्यांनी गच्चीच्या चावीवरून घातलेला वाद मला शोधून काढता येत होता. मी प्रिंट काढून सेक्रेटरी काकांना बोलावलं.

काका चष्मा लावून वाचत राहिले. मग म्हणाले, ‘छान आहे रे. हेच माझ्या लॅपटॉपवर टाकून दे, बाकीची पानं मीच करतो.’ त्यांचा विंडोजवाला. त्याच्यासाठी तयार इन्स्टॉलर मिळतो. उतरवला, भाषांच्या यादीत मराठीसमोर खूण केली, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. चहा गार व्हायच्या आत त्यांच्याही पडद्यावर समासदांची समा भरली. टेसरॅक्ट पाचवा, माझ्यापेक्षा नवा.

काकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘मग तू दोन दिवस काय करत होतास?’

मी काही बोलायच्या आत आतून आईचा आवाज आला, ‘दळण टाकलं होतं त्यानं.’