प्रिएनेचं पाणी

टूर मॅनेजर म्हणून तुर्कस्तानातल्या इफेससला, तिथल्या प्राचीन अवशेषांसाठी, मी कितीतरी वेळा गेलेय. प्रिएनेला मात्र त्या ऑक्टोबरात पहिल्यांदाच गेले, पुण्याहून आलेल्या चोवीस जणांना घेऊन. एक सकाळ मोकळी होती आणि ग्रुपमधल्या एका काकांनी आदल्या रात्री जेवताना हट्टच धरला होता. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले.

वाटेतलं सोके गाव मागे पडलं तशी दोन्हीकडे कापसाची बोंडं फुटलेली दिसायला लागली. या शेतांच्या जागी पूर्वी समुद्र होता. मेंडेरेस नदीने गाळ आणून आणून खाडी बुजवली आणि प्रिएनेपासून समुद्र पंधराएक किलोमीटर लांब गेला. हे ग्रीक शहर इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात डोंगरउतारावर नव्याने वसवलेलं. आडवे रस्ते सपाट, उभे रस्ते म्हणजे नुसत्या पायऱ्या. निम्मी मंडळी पाइनच्या सावलीतच टेकली.

अथेना देवीच्या देवळाचे पाच खांब उभे आहेत, तेही 1960च्या दशकात पुन्हा रचलेले. बाकीच्या खांबांचे तुकडे जात्याच्या दगडांसारखे पसरलेत, मधोमध चौकोनी भोक. हे देऊळ अलेक्झांडरने अर्पण केलं, त्याच्या नावाचा शिलालेख आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, एवढं सांगून मी डोकी मोजली. तेवीस! माझ्या पोटात गोळाच आला. पायऱ्या निसरड्या आणि काका सत्तरीचे.

खालच्या गल्लीत सापडले. गुडघे टेकून रस्त्याच्या कडेला वाकले होते. मला वाटलं पडले.

"अगं, आधी हे बघ," म्हणाले.

खापराचा नळ होता. एकाचं निमुळतं तोंड पुढच्याच्या रुंद तोंडात बसवलेलं. काकांनी सांध्यावरून बोट फिरवलं. "आम्ही आयुष्यभर असेच सांधे घातले." मग तिथेच बसून त्यांनी मला सगळं समजावलं: डोंगरातून आणलेलं पाणी आधी टाक्यांमध्ये घ्यायचं, गाळ खाली बसू द्यायचा, आणि वरचं निवळ पाणी उताराने गावभर सोडायचं. पंप नाही, काही नाही. औरंगाबादच्या पाणचक्कीलाही डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतूनच आणलंय, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. मी इतकी वर्षं लोकांना खांब दाखवत आले. पायाखाली बघायचं मला कधी सुचलं नव्हतं.

मग त्या पाण्यामागोमाग आम्ही सगळेच खाली उतरलो, गावाच्या दक्षिण टोकाच्या व्यायामशाळेपर्यंत. तिथल्या न्हाणीघराच्या भिंतीत सिंहाची तोंडं आहेत, झिजलेली. त्यांच्या जबड्यातून पाणी खालच्या दगडी कुंड्यांत पडायचं. मुलं खेळून आली की इथे हातपाय धूत. काकांनी एका सिंहाच्या तोंडाखाली ओंजळ धरली.

शेजारच्याच दालनाच्या भिंतीवर त्या मुलांनी कोरलेली नावं आहेत. सातशेच्या वर! बरीच पुसट झालीत, उन्हाच्या तिरिपेत नीट निरखून पाहावी लागतात. "अमक्याची जागा", "तमक्याची जागा", असंच पुन्हा पुन्हा. आमच्या ग्रुपमधल्या एक बाई तीस वर्षं शाळेत शिकवत होत्या. त्या या भिंतीपासून हलेनात. आमच्या तुर्की गाइडला त्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचायला लावलं आणि प्रत्येक नाव स्वतः म्हणून पाहिलं.

जेवणाची वेळ टळून गेली. कुणीही कुरकुर केली नाही. पुढच्या सहलीच्या आखणीत मी प्रिएनेसाठी अख्खा दिवस मागितलाय.