डिग्री करायचीय, पण कुठली?

जून-जुलै आला की माझ्या व्हॉट्सअपवर हा मेसेज ठरलेला असतो. "अगं, तू नोकरी करता करता बीए केलंस ना, मला पण करायचंय, कुठे फॉर्म भरू?" विचारणारे बहुतेक पस्तीस ते पन्नासमधले, कोणाचं लग्नामुळे सुटलेलं, कोणाचं वडील गेले म्हणून, कोणाला ऑफिसात आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोरगा साहेब म्हणून येऊन बसलाय त्याचा राग. मी आता सरळ उलटा प्रश्न टाकते, की हा कागद तू नेमका कुठे दाखवणारेस? कारण त्या उत्तरावर सगळं अवलंबून आहे, आणि तेच सोडून लोक फी किती, पुस्तकं घरी येतात का, परीक्षा सोपी असते का एवढंच विचारत बसतात.

आधी बारावीचं बघू. बारावी झालेली असेल तर तुम्ही निम्मी लढाई जिंकलात, मग ती १९९८ ला झालेली असू दे नाहीतर काठावर पास असू दे. नसेल तर माझं ऐका, १७ नंबरचा फॉर्म भरून बोर्डाची बारावी बाहेरून द्या किंवा एनआयओएस या केंद्राच्या मुक्त शाळेतून द्या, जाऊ दे एखादं वर्ष. पूर्वी मुक्त विद्यापीठात पूर्वतयारीचा कोर्स करून लोक थेट बीएला बसायचे आणि त्यातून कितीतरी जण पदवीधर झाले, चांगलीच सोय होती ती. पण अशा लोकांना पुढे काही ठिकाणी दार बंद दिसतं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमात स्पष्ट लिहिलंय की खालचं मूळ शिक्षण न घेता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतली असेल तर लॉला प्रवेश नाही. चाळिशीत एलएलबी करायचं मनात असलेले खूप लोक असतात, त्यांना हे पदवी हातात आल्यावर कळणं म्हणजे फारच वाईट.

आता डिग्रीतले प्रकार. साधी तीन वर्षांची बीए, बीकॉम घ्यायची तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे (१९८९ पासून, "ज्ञानगंगा घरोघरी" वालं), इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू आहे (१९८५), मुंबई विद्यापीठाचं आयडॉल आहे ज्याचं नाव आता सीडीओई झालंय पण लोक अजून आयडॉलच म्हणतात, आणि बायकांसाठी एसएनडीटी. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या आयोगाची, मान्यता असलेली दूरशिक्षणाची डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरली जाते, त्यामुळे "बाहेरून केलेली चालत नाही गं" असं सांगणाऱ्या काकूंकडे दुर्लक्ष करा. फक्त प्रवेशाच्या आधी यूजीसीच्या डीईबी या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर त्या विद्यापीठाला त्याच कोर्सची त्या वर्षाची मान्यता आहे का ते स्वतः बघा, एजंटच्या मोबाइलवर नाही. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी पण काढते आणि आपल्या नागपूरचं एक नाव त्यात कितीतरी वर्षं आहे.

इंजिनीअरिंगचं मात्र वेगळं. पत्राने, म्हणजे घरबसल्या, बीई होत नाही. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने अभिमत विद्यापीठांच्या अशा डिग्र्यांवर मोठा दणका दिला होता आणि प्रमोशन घेऊन बसलेल्यांची झोप उडाली होती. नोकरी करणाऱ्याला हवंच असेल तर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला, किंवा तंत्रशिक्षण बघणाऱ्या एआयसीटीईने आता नोकरदारांसाठी कामाच्या वेळा सांभाळून चालणाऱ्या बॅचेस मंजूर केल्यात त्या बघायच्या, पण वर्गात जावं लागणारच. बीव्होक पण आहे, २०१४ च्या आसपास सुरू झालेली कौशल्यावाली पदवी, ती पदवीच धरतात, पण कॉलेज रोजचं असतं म्हणून घरसंसारवाल्यांना फार जमत नाही.

आता सगळ्यात घोळ होतो तो डिप्लोमाचा, आणि इथे जरा थांबा. दहावीनंतरचा तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा वेगळा. इग्नूचा एक वर्षाचा डिप्लोमा वेगळा. आणि नवीन शैक्षणिक धोरणात पदवीची दोन वर्षं करून बाहेर पडलात की मिळतो तो यूजी डिप्लोमा अजून वेगळा. तसंच सर्टिफिकेटचं, सहा महिन्यांचं कुठलंही सर्टिफिकेट आणि पदवीचं पहिलं वर्ष पूर्ण केल्याचं यूजी सर्टिफिकेट एका मापाचे नाहीत. मोजायचं माप म्हणजे क्रेडिट, ठरावीक तासांच्या अभ्यासाचं एकक. महाराष्ट्रात साधारण वर्षाला ४४ धरतात, म्हणजे पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, ८८ ला डिप्लोमा, १३२ ला पदवी आणि चौथं वर्ष केलं तर १७६ ला ऑनर्स. इग्नू एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतं, म्हणजे ४ क्रेडिटचा एक पेपर म्हणजे १२० तास. हे आकडे मी मैत्रिणींना मुद्दाम सांगते कारण "रविवारी वाचेन" म्हणणाऱ्यांनी एकदा गुणाकार करावा.

मला विचाराल तर आपल्यासारख्यांसाठी या धोरणातली खरी कामाची गोष्ट चौथं वर्ष नाहीये, मधे थांबता येणं ही आहे. सासूबाईंचं ऑपरेशन, पोराची दहावी, बदली, हे आपल्याकडे होणारच, आणि आधी दोन वर्षं करून सोडलं की हातात शून्य राहायचं. आता क्रेडिट एबीसी या सरकारी क्रेडिट-बँकेच्या खात्यात जमा राहतात आणि परत येऊन पुढून सुरू करता येतं. पण मुदत असते, यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या आत परत या आणि सात वर्षांत पदवी संपवा असं आहे, आणि बाहेर पडताना ४ क्रेडिटचा एक जादा व्यावसायिक कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते, नाहीतर तो सर्टिफिकेटचा कागदच मिळत नाही. हे प्रवेशाच्या खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही.

ऑनर्स कोणी घ्यावं? ज्याला पुढे संशोधन करायचंय त्याने. बाकी पंचेचाळिशीच्या माणसाला ऑफिसात प्रमोशनसाठी पदवीधर हा शिक्का हवा असेल तर तीन वर्षं पुरेत, चौथ्या वर्षाची फी वाचवा आणि फिरायला जा.

आणि सरकारी नोकरीसाठी करत असाल तर आधी वय बघा बाई. एमपीएससीला खुल्या गटाला साधारण ३८, मागासवर्गीयांना ४३. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला खुल्या गटात २८. आज छत्तिसाव्या वर्षी पहिल्या वर्षाला बसलात तर पदवी येईपर्यंत तुम्ही एकोणचाळीस, हे कोणीतरी तोंडावर सांगायला हवं. डिपार्टमेंटच्या आतल्या प्रमोशनचं गणित वेगळं असतं, ते तुमच्या आस्थापना शाखेतल्या क्लार्कला विचारा, त्याला सगळं माहीत असतं.

मार्कांचं पण तसंच. मुक्त विद्यापीठात ४० ला पास म्हणून खूश होऊ नका. तीन वर्षांच्या एलएलबीला खुल्या गटाला पदवीला ४५ टक्के लागतात, बीएडला ५०. गृहपाठाचे मार्क हातातले असतात, ते तरी सोडू नका, आणि शेवटच्या रात्री दुसऱ्याचं उतरवून काढू नका.

आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना यातलं काहीच लागू नाही. रिटायर झालेत, इतिहासात बीए चालू आहे, प्रमोशन नको, टक्के नकोत. त्यांना फक्त विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत द्यायचंय, आयुष्यभर ऑफिसातले इतर लोक द्यायचे आणि हे घरी बसायचे म्हणून. पदवीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावरच १८ नंबरच्या फॉर्मने नाव नोंदवता येतं हे मी सांगितल्यापासून एकही पेपर मागे राहू देत नाहीयेत.