तुम्ही विचारलंत म्हणून: गोदाम की कॉम्प्युटर?

गणपतीची आरती झाली, प्रसादाच्या रांगेत शेजारच्या काकू माझ्यापुढे होत्या. यंदाही तोच प्रश्न. "तू नक्की करतेस काय गं? मागच्या वर्षी औषधांच्या गोदामाचं सांगत होतीस, आता म्हणे कॉम्प्युटरचं. एक काहीतरी धर ना!"

हा प्रश्न एकट्या काकूंचा नाही. बाबांचे दवाबाजारातले, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारातले, मित्र विचारतात, कॉलेजातले सहकारीही विचारतात, फक्त जरा सभ्य भाषेत. हातात खिरापतीचा द्रोण असताना उत्तर देता आलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता सवडीने सांगते.

विषयाचं नाव सर्व्हिस लेव्हल. मागणाऱ्याला मागितलेलं वेळेवर मिळतं का, आणि शंभरातल्या किती जणांना मिळतं, एवढाच त्याचा अर्थ. मागितलेली गोष्ट गोळ्यांची स्ट्रिप असेल किंवा मोबाईलवर उघडायचं पान.

आमचं घर इंदूरच्या रामबागेत, बाबांचं छोटंसं मेडिकल दोन गल्ल्या सोडून. दुकानात एक फ्रिज आहे आणि त्यात एका महागड्या इन्सुलिनची चार पेनं, म्हणजे पेनासारखी दिसणारी भरलेली इंजेक्शनं, असतात. एक विकलं की त्याच संध्याकाळी दवाबाजारात एकाची ऑर्डर जाते आणि दोन दिवसांनी ते येतं. चारच का? तर भांडवल अडकतं आणि लाईट गेली की बाबांचा जीव टांगणीला लागतो.

आता जरा कोपनहेगनला जाऊ. तिथल्या टेलिफोन कंपनीत ए. के. अर्लांग नावाचा गणिती कामाला होता. फोन कधीही येतात, कितीही वेळ चालतात, मग तारा किती ठेवायच्या, हा त्याच्यापुढचा सवाल. १९१७ साली त्याने दोन सूत्रं छापली. पहिल्यात लाईन एंगेज असली की फोन करणारा निघून जातो असं धरलंय, दुसऱ्यात तो थांबतो असं. आज सर्व्हर, म्हणजे मोबाईलवर मागितलेली पानं पाठवणारे कॉम्प्युटर, किती लावायचे याचा हिशोब जिथून सुरू होतो, ती ही सूत्रं.

आणि बाबांचा फ्रिज? फ्रिजमधली प्रत्येक जागा म्हणजे एक तार. पेन विकलं गेलं की नवं येईपर्यंत, म्हणजे दोन दिवस, ती जागा 'एंगेज'. चारही एंगेज असताना आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. रोज सरासरी एक गिऱ्हाईक येतं असं धरून अर्लांगचं पहिलं सूत्र लावलं, तर चार पेनं ठेवली की शंभरातले साडेनऊ जण परत जातात. पाच ठेवली की पावणेचार, सहा ठेवली की एकाच्या थोडे वर. पाचव्या पेनाने जवळजवळ सहा माणसं वाचवली, सहाव्याने अडीच. सातव्याने एकसुद्धा नाही. तेव्हा काकू, गोदाम आणि कॉम्प्युटर ही दोन कामं नाहीतच, निदान इथपर्यंत तरी.

'शंभर टक्के का ठेवत नाही मग?' हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मागणी सरासरीच्या आसपास घंटेच्या आकारात वरखाली होते (गणितातलं 'नॉर्मल') असं धरलं आणि माल येईपर्यंत तुटवडा न पडण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सरासरीच्या वर त्या चढउताराच्या मापाच्या (स्टँडर्ड डेव्हिएशनच्या) १.६५ पट जादा माल लागतो. ९९ टक्क्यांना २.३३ पट, ९९.९ ला ३.०९. शंभराला आकडाच नाही. सर्व्हरवाले ९९.९ टक्के छातीठोकपणे सांगतात, पण त्यातही वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा आहे.

रांगेचं गणित त्याहून वाईट. बँकेत एकच खिडकी, प्रत्येकाला सरासरी तीन मिनिटं लागतात, लोक आपापल्या वेळेला येतात. खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल तर सरासरी १२ मिनिटं उभं राहावं लागतं. ९० टक्के असेल तर २७ आणि ९५ टक्के असेल तर ५७ मिनिटं. माणूस रिकामा बसलेला दिसला की मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडतात, पण रांग आटोक्यात राहते ती त्या रिकाम्या मिनिटांमुळेच.

ज्या हिशोबावर मी सगळ्यात जास्त वेळा भांडले आहे तो आता सांगते. प्रत्येक औषध ९५ टक्के वेळा दुकानात असतं, हे ऐकायला छान वाटतं. पण चिठ्ठीवर पाच औषधं असली तर? पाचही मिळण्याची शक्यता ७७ टक्क्यांवर येते. जवळजवळ दर चौथा माणूस अर्धी पिशवी घेऊन निघतो किंवा सगळंच दुसरीकडे घेतो. दुकानदाराचे ९५ आणि गिऱ्हाईकाचे ७७, दोन्ही खरे. गूगलच्या जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ साली हेच सर्व्हरबाबत लिहिलं. एक सर्व्हर शंभरात एकदाच रेंगाळतो, पण तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर जुळवायला शंभर सर्व्हर लागत असतील, तर शंभरातल्या ६३ प्रश्नांना कुणीतरी एक रेंगाळलेला भेटतोच. चिठ्ठी मोठी, एवढाच फरक.

आता दोन्ही वाटा फुटतात ती जागा. प्रबंधासाठी आकडे गोळा करत मी काही महिने एका औषध वितरकाच्या गोदामात बसत असे. नाव सांगत नाही. नियम असा की दुकानाची ऑर्डर २४ तासांत निघाली तर ती वेळेवर, आणि महिन्याला ९५ टक्के ऑर्डरी वेळेवर हव्यात. स्क्रीनवर वेळेतल्या ऑर्डरी हिरव्या, हुकलेल्या लाल. एका दुपारी बडवानीकडच्या एका दुकानाची ऑर्डर लाल झाली. त्यात इन्सुलिन होतं, थर्माकोलचा डबा, बर्फाच्या जेल-पिशव्या, सगळं टेबलावर तयार. पॅकिंगच्या पोराने डबा हळूच बाजूला सरकवला आणि खालची हिरवी ऑर्डर उचलली. मी विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, ये तो लाल हो गई. अब आज जाए या परसों, गिनती में एक ही है."

चूक त्याची नव्हती. नियमाच्या लेखी २५ तास आणि चार दिवस सारखेच. ज्याचा अजून हिशोबात उपयोग आहे त्याला आधी उचला, असं नियमच शिकवत होता. तो डबा तिसऱ्या दिवशी निघाला. त्या महिन्याचे आकडे ९५ च्या वर होते, हे मीच टेबलात भरलं.

गंमत म्हणजे कॉम्प्युटरमध्ये तोच पोरगा शहाणा ठरला असता. सर्व्हरवर गर्दी उसळली की जुन्या विनंत्या बाजूला टाकून ताज्या आधी घेणं, ही तिथली मान्य युक्ती. कारण पान उघडत नाही म्हटल्यावर माणूस काही सेकंदांत ते बंद करतो किंवा पुन्हा दाबतो. जुन्या विनंतीच्या टोकाला कुणी बसलेलंच नसतं, तिचं उत्तर तयार करणं ही फुकटची मेहनत. बडवानीचं दुकान मात्र तिथेच होतं आणि इन्सुलिनवाला माणूसही. अर्लांगने दोन सूत्रं का लिहिली, ते मला त्या टेबलाशी कळलं. काकू, मी एक काहीतरी धरत नाही त्याचं कारण हेच. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यावर दिसते.

एक खोड मात्र दोन्हीकडे आहे. परत गेलेल्याची नोंद होत नाही. सर्व्हरचा वेग मोजणारी काही साधनं आधीचं उत्तर येईपर्यंत पुढची विनंती पाठवतच नाहीत. सर्व्हर दहा सेकंद अडकला, तर त्या दहा सेकंदांत खरे लोक शेकड्याने आले असते, साधनाच्या वहीत मात्र एकच संथ उत्तर दिसतं. आणि बाबांकडे आहे शॉर्ट बुक. लांबट वही, गल्ल्याला दोरीने बांधलेलं पेन. संपलेल्या औषधाचं नाव त्यात लिहायचं, रात्री पोरगा वही घेऊन स्कूटरवर दवाबाजारात जातो. नाव एकदाच लिहिलं जातं, मग एक माणूस परत गेलेला असो की सात.

मी बाबांना म्हटलं, जो परत जाईल त्याच्यासाठी नावापुढे एक उभी रेघ मारा. आधी चिडले. "गिऱ्हाईक सांभाळू की तुझी पीएच.डी.?" चार दिवस वहीत एकही रेघ नव्हती. मग एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तर ओआरएसपुढे पाच रेघा दिसल्या, पाचवी पहिल्या चारांवर आडवी, धोब्याच्या हिशोबासारखी. त्या रात्री एक पेटी जास्त आली.

थायरॉईडच्या गोळ्यांपुढे दोन रेघा आहेत. काकू, त्यातली एक तुमची.