आमची वाटचाल: खजुरी बाजारालगतचं पाच बाय आठचं दुकान

इंदुरात जुनी कॉमिक्स भाड्याने देणं आणि टीव्ही गेम दुरुस्त करणं, ही दोन्ही कामं एकाच दुकानात आम्ही १९९३ च्या उन्हाळ्यात सुरू केली. हे पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण आमच्यापासून पन्नास पावलांवर एका पाटीवर बरीच वर्षं ‘शहरातले पहिले’ असं लिहिलेलं होतं. ते खोटं होतं.

वडिलांची गिरणी बंद झालेली, माझं बी.एस्सी. अर्धवट. भांडवल म्हणजे माझाच गठ्ठा: इंद्रजाल कॉमिक्सचे ११२ अंक आणि राज कॉमिक्सचे साठ-सत्तर. इंद्रजाल १९६४ ला निघालं आणि १९९० ला बंद पडलं, पण वेताळ आणि मँड्रेक मागणारे मागतच होते. नव्या पोरांना राज कॉमिक्सचे नायक नागराज आणि ध्रुव हवे असत. एक १९८६ चा, दुसरा १९८७ चा, तेव्हा दोघेही ऐन भरात. जिन्याखालची जागा, आडवी सुतळी, तिच्यावर अंक अडकवलेले. दहा रुपये डिपॉझिट, अंकाला रोजचे पन्नास पैसे. खजुरी बाजारात शाळेची जुनी पुस्तकं घ्यायला आलेले आईबाप पोराला आमच्याकडे बसवून जात.

गल्ल्यावर माझा भागीदार बसे. शाळेपासूनचा मित्र, बोलायला गोड, माणसं जोडणारा. मी मागे सामानात.

सामान म्हणजे टीव्ही गेम. फॅमिकॉम हे टीव्हीला जोडून खेळायचं जपानी मशीन १९८३ चं, त्याच्या नकला आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी पोचल्या. ६० पिनांची कॅसेट, वर झडप, दोन रिमोट. माझ्याकडे आलेल्या दहातली सहा मशीनं मुळात बिघडलेली नसतच. कॅसेटच्या पिना काळ्या पडलेल्या असत, एवढंच. पांढरं खोडरबर पिनांवर घासायचं, मग स्पिरिटचा कापूस, की चालू. तोंडाने फुंकर मारू नका, हे मी तीस वर्षं सांगतोय. फुंकरीतला ओलावा पिनांवर बसतो आणि तांबं खातो. फुंकल्यावर गेम चालतो तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवली म्हणून. उरलेल्या चारांतली दोन अ‍ॅडॉप्टरने मारलेली. आत मायनस की आत प्लस हे न बघता पोरं रेडिओचा अ‍ॅडॉप्टर लावत आणि ७८०५ जाई. तो विजेचा दाब आवरणारा तीन पायांचा रेग्युलेटर, जेल रोडवर चार-पाच रुपयांत मिळायचा. गिऱ्हाइकाकडून मी तीस घेत असे. आतला काळा गोळा, म्हणजे मुख्य चिप, गेला तर मात्र उपाय नाही, आणि तसं मी तोंडावर सांगत असे. पैसे न घेता.

माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं, १९९४ चं. टोकं किती बदलली मोजलं नाही, मूठ तीच आहे. अंगठा बसतो तिथे बेकेलाइट गुळगुळीत झालंय. ज्यांना हे काम शिकायचंय त्यांनी पहिल्या दिवशी महागडं सोल्डरिंग स्टेशन घेऊ नये. ओला स्पंज आणि बारीक टोक घ्या, आणि टोक काळं पडू देऊ नका.

आमचे काका रामबागेतून येत. बँकेतून निवृत्त, दर शनिवारी पाचला, सायकलवर. फक्त वेताळ. हातात वही, तिच्यात अंकांचे नंबर, मिळालेल्यावर बरोबरची खूण. “काय रे बाळ, काही हाती लागलं?” एवढंच विचारत. मूळ वेताळ बंगाला नावाच्या देशात राहतो आणि इंद्रजालने आपल्या बंगालशी घोळ नको म्हणून त्याचं डेंकाली केलं, हे मला काकांनीच सांगितलं. अंकाच्या पिनांना गंज चढला की कागद तिथूनच फाटतो, म्हणून जुनी पिन नखाने उचलून त्याच भोकांतून स्टीलची घालायची, हेही त्यांचंच. सेलोटेप त्यांच्यासमोर कुणी काढली तर ते हात धरत.

आता २००४ ची रंगपंचमी.

इंदूरकरांना गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, सांगायला नको. राजवाड्यापाशी टँकरमधून रंगाचं पाणी तीन-तीन मजले वर जातं. दरवर्षी आदल्या रात्री आम्ही शटरवर दुहेरी ताडपत्री बांधायचो. त्या वर्षी वरची दोरी मी बांधली आणि खालची भागीदाराने. खालची सुटली. यावर आमचं कधी एकमत झालं नाही, पण गाठ कुणी बांधली होती हे मला माहीत आहे. संध्याकाळी शटर उघडलं तर पायाशी घोटाभर गुलाबी पाणी आणि खालच्या दोन फळ्या चिंब. चारशेच्या वर अंक. गुळगुळीत मुखपृष्ठं एकमेकांना चिकटलेली, ओढलं की रंग निघून येई. टेबलाखाली दुरुस्तीला आलेली अकरा मशीनं, तीही पाण्यात.

भागीदार म्हणाला, रद्दीत घाल, विम्याचं काही नाही, बंद करू. मी रात्रभर दुकानातच बसलो. सकाळी काका आले, शनिवार नसताना. ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, पण तो गोठवला तर बुरशी थांबते आणि मग सवडीने वाळवता येतो, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलेलं होतं. ओळखीच्या कुल्फीवाल्याने अर्धा डीप फ्रीझर रिकामा करून दिला. वीस-वीस अंकांचे गठ्ठे पन्नीत घालून आत ठेवले आणि रोज दोन गठ्ठे काढायचो. पानापानांत कोरा न्यूजप्रिंट घालायचा, वर पाट, पाटावर वरवंटा. कागद दर तीन तासांनी बदलायचा. काका खुर्चीवर, मी जमिनीवर. मार्चच्या इंदुरी उन्हात कागद भराभर सुकतो, पण उन्हात ठेवायचा नाही, पापडासारखा वळतो. अकरा दिवस दुकान बंद. तीनशे दहा अंक बचावले. मशीनं उघडून स्पिरिटने धुतली, त्यांतली आठ चालली.

त्या अकरा दिवसांत भागीदाराने जागा बघितली. आमचं डिपॉझिटचं रजिस्टर त्याच्याकडे होतं, त्यातली नावं घेऊन घरोघरी गेला, म्हणाला जुनं दुकान संपलं. आणि वर ‘शहरातले पहिले’ ही पाटी त्यानेच लावली. मला वेगळं होण्याचं दुःख नाही, धंद्यात माणसं वेगळी होतात. पण पुढे त्याने जुन्या अंकांच्या रंगीत कॉपी काढून ‘ओरिजनल’ म्हणून संग्राहकांना विकल्या, आणि फसलेले लोक अंक परत करायला माझ्याकडे आले, कारण त्यांच्या लेखी दुकान एकच होतं. दोन जणांना मी माझ्या खिशातून पैसे दिले. तेव्हापासून काउंटरवर दहा पटींचं भिंग ठेवलंय. जुना अंक घेताना चेहऱ्याच्या रंगात बघा. ऑफसेटच्या छपाईत वेगवेगळ्या रंगांचे गोल ठिपके ओळीने दिसतात, घरच्या प्रिंटरचे नुसते विस्कटलेले कण दिसतात. आणि पिनेजवळ बघा. चाळीस वर्षांच्या कागदावर पिनेचा तपकिरी डाग असतोच, तो कॉपीत छापलेला दिसतो, बोटाला लागत नाही. त्याचं दुकान पुढे मोबाइल कव्हरचं झालं. पाटी तेव्हा उतरली.

त्यानंतर दुकान चालत राहिलं.

आता भाड्यावर कमी आणि रविवारच्या टेबलावर जास्त चालतं. सकाळी अकरा ते दोन, पन्नास रुपयांत बसा. एस.जी.एस.आय.टी.एस. या इंजिनीअरिंग कॉलेजची मुलं रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर जुने गेम चढवतात, शाळेतली आर्डुइनो या सर्किट बोर्डाच्या स्वस्त नकलेवर दिवे लावतात. स्वस्त नकलेवर बहुधा यूएसबीसाठी सीएच३४० चिप असते, संगणकाला बोर्ड दिसला नाही तर आधी तिचा ड्रायव्हर टाका, बोर्ड परत करायला धावू नका. फुगलेली लिथियम बॅटरी कुणीही टोचायची नाही, ती वाळूच्या डब्यात ठेवायची. तो डबा दाराशीच आहे. गेल्या पावसाळ्यात एका आठवीतल्या मुलीने आजोबांचा १९९५ चा टीव्ही गेम आणला. ७८०५ तिनेच बदलला, मी फक्त मशीन धरून बसलो. पडद्यावर निळं आकाश आलं तेव्हा आजोबा उभे राहिले होते.

काका आता नाहीत. वही त्यांच्या मुलाने आणून दिली, सत्तावीस नंबरांसमोर खूण नाही. त्यातले चार मला त्यानंतर मिळाले, खुणा मी केल्या.

काठाला गुलाबी झालेले ते तीनशे दहा अंक वरून दुसऱ्या फळीवर आहेत. विकायला नाहीत. तिथेच बसून वाचायला मिळतील, भाडं नाही. हात धुऊन या.