तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजांना गनिमी कावा कुणी शिकवला?

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या छुप्या कारवायांचा विषय निघाला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो: हे सगळं शिवाजी महाराजांकडूनच उचललं ना? उत्तर ऐकून लोक हिरमुसतात. त्यांचे गुरू म्हणजे ज्यांनी त्यांना नुकतंच जेरीस आणलं होतं तेच, दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे बोअर शेतकरी आणि आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणारे मायकेल कॉलिन्सचे लोक. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी लॉरेन्सने साथ दिलेलं तुर्कांविरुद्धचं अरब बंडही होतंच.

१९३८च्या अखेरीस जो हॉलंड नावाचा लष्करी अधिकारी ब्रिटिश युद्ध खात्यातल्या एका छोट्याशा संशोधन विभागात आला. हाताशी एक टायपिस्ट, बस्स. १९३९मध्ये कॉलिन गबिन्स हा दुसरा अधिकारी येऊन मिळाला. दोघांनीही आयर्लंडमध्ये नोकरी केलेली. गबिन्सने गनिमी युद्धावरच्या आपल्या पुस्तिकांत जो धडा उतरवला तो तिथलाच: टोळी लहान हवी, मारा करून पसार व्हायचं, आणि आसपासची माणसं फितूर झाली की खेळ खलास.

१९४०च्या उन्हाळ्यात जर्मन उतरणार या धास्तीने गबिन्सला इंग्लंडमध्येच गुप्त तुकड्या उभारायला सांगितलं. एका तुकडीत चार ते आठ जण, बहुतेक शेतकरी आणि रानराखे. जोडीला शिकारचोरही, कारण अंधारात आवाज न करता रान तुडवणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. रानात जमिनीखाली पन्हळी पत्र्यांची कमान, आत फळ्यांचे बाक, प्रायमसचा स्टोव्ह आणि दोन आठवड्यांचा शिधा. वर पालापाचोळा लावलेलं झाकण, दुसऱ्या टोकाला निसटायचं भुयार. शिवाय साडेचार लिटर रमची सीलबंद बरणी.

खरी डोकेदुखी खणलेल्या मातीची. ताज्या मातीचा रंग लगेच डोळ्यांत भरतो, म्हणून ती पोत्यांतून दूर नेऊन टाकायची. रोज एकाच वाटेने गेलं की गवत दबून पायवाट पडते, तीही चुगली करते. हवेचे नळ अपुरे पडले तर डोकं धरतं. थंड पत्र्यावर श्वासाची वाफ जमून पाणी ठिबकतं, मग सगळंच दमट.

माझ्या मते हा पुरता गनिमी कावा नव्हताच. घरच्यांनाही पत्ता नाही, म्हणजे लोकांचा आधार मुळातच वजा. शिधा दोन आठवड्यांचा, आयुष्याचा अंदाजही तेवढाच. जुलै १९४०मध्ये हॉलंडचा विभाग, गुप्तहेर खात्याचा घातपातासाठीचा ‘डी’ विभाग आणि प्रचार विभाग एकत्र करून एसओई (स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह) ही छुप्या कारवायांची संघटना स्थापन झाली होती. नोव्हेंबरात गबिन्स तिकडे गेला. आयर्लंडचा धडा खऱ्या अर्थाने तिथे कामी आला: जर्मनांनी व्यापलेल्या देशात पॅराशूटने एजंट उतरला, तरी रात्री दार उघडणारं घर स्थानिक माणसाचंच लागायचं.